ड्रमला एक न्याय, पोटाला दुसरा?

काल तू आलीस तेव्हा घरात माणसं होती, म्हणून मी गप्प बसले. तुझी आई शेजारीच होती आणि तिला आधी घाबरवून काही साधणार नव्हतं. आज लिहिते. नीट बसून वाच आणि अर्ध्यावर फोन हातात घेऊ नकोस.

वजन उतरवायच्या कॅप्सूलची ती डबी तू माझ्या टेबलावर ठेवून गेलीस. "बाई, तुम्हीपण घेऊन बघा, गुडघ्यांवरचा भार कमी होईल," असं वर म्हणालीस. मी ती रात्री चष्मा लावून, दिव्याखाली धरून वाचली. तू वाचली आहेस का? एकदा तरी?

पुढच्या बाजूला हिरवं पान आणि टेप गुंडाळलेली कंबर. '७ दिवसांत ५ किलो', '१०० टक्के नैसर्गिक', 'कोणतेही साइड इफेक्ट नाहीत'. मागच्या बाजूला घटकांच्या जागी एवढंच: 'गार्सिनिया, ग्रीन टी व इतर वनस्पतींचे खास मिश्रण, ६०० मिग्रॅ'. इतर म्हणजे कोणत्या, कोणती किती, काही नाही. बॅच नंबरची चौकट कोरी. उत्पादकाचा पत्ता म्हणून नुसतं एका शहराचं नाव. एफएसएसएआयचा परवाना म्हणून जे आकडे छापलेत ते मी बोट ठेवून मोजले, ११ भरले. तो क्रमांक १४ आकडी असतो. बिस्किटाच्या पुड्यावरसुद्धा १४ असतात. एक्स्पायरीच्या तारखेवर दुसरं स्टिकर चिकटवलंय. ते नखानं खरवडलं तर खालची तारीख दिसते, आणि ती उलटून गेलेली आहे.

हे वाचायला विज्ञानाची पदवी लागत नाही. तुझ्याकडे तर पदवी आहे. तू केमिस्ट्रीत बी.एस्सी. केलंस, धाटावच्या एमआयडीसीत कंपनीच्या क्यूसीत, म्हणजे माल तपासणाऱ्या विभागात लागलीस, तेव्हा सगळ्या अष्टमी गावात पेढे वाटले होते तुझ्या वडिलांनी. मागे तूच मला सांगत होतीस, सप्लायरकडून सॉल्व्हंटचा ड्रम आला आणि त्याच्याबरोबर सीओए, म्हणजे तपासणीचा दाखला नसेल तर तू तो गेटच्या आत घेऊ देत नाहीस. सीओए असला तरी सॅम्पल काढतेस, पाण्याचं प्रमाण बघतेस, एचपीएलसीच्या यंत्रावर लावतेस, आलेखात एखादा अनोळखी पीक दिसला तर लॉट अडवून धरतेस. प्रॉडक्शनवाले कितीही ओरडले तरी सही करत नाहीस. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. वर्गात शिकवलेलं कुठेतरी रुजलं म्हणायचं.

आणि हीच मुलगी बाजारपेठेतल्या एका पार्लरमधून बॅच नंबर नसलेली कॅप्सूल २,४०० रुपये मोजून घेते आणि रोज दोन गिळते! रिअ‍ॅक्टरमध्ये काय जातं ते तपासल्याशिवाय सोडायचं नाही, आणि स्वतःच्या पोटात काय जातं ते विचारायचंही नाही? रिअ‍ॅक्टर बिघडला तर कंपनी नवा आणते. तुला यकृत एकच आहे.

तुझी उत्तरं मला माहीत आहेत. काल तू सगळी दिलीस. एकेक घेते.

"बाई, आठ दिवसांत तीन किलो उतरलं, वजनकाट्यावर बघितलं." बघितलंस, पण गणित केलंस का? शरीरातली एक किलो चरबी जायला साधारण ७,७०० कॅलरी कमी पडाव्या लागतात. तीन किलोला २३,००० च्या वर. आठ दिवसांनी भागलं तर दिवसाला जवळजवळ २,९००. तू दिवसभरात एवढं खातच नाहीस! पाण्यावर राहिली असतीस तरी एवढी तूट भरली नसती. मग जे उतरलं त्यातलं बहुतेक काय होतं? पाणी. लघवी वाढवणारं किंवा जुलाब करणारं काही पोटात गेलं की काटा दोन दिवसांत खाली येतो आणि चार दिवसांत परत वर चढतो. चरबी जिथल्या तिथे राहते. हे त्रैराशिक तू सातवीत करत होतीस.

त्याच दमात तू आणखी एक गोष्ट सांगितलीस. तुला ती फुशारकीची वाटली, पण माझ्या पोटात गोळा आला. "भूकच लागत नाही बाई. रात्री झोप कमी झालीय आणि तोंड सारखं कोरडं पडतं, पण बाकी काही नाही." बाकी काही नाही? जिना चढताना छातीत धडधडतं, हेही तूच म्हणालीस.

आता सिब्युट्रामिन हे नाव लक्षात ठेव. भूक मारणारं औषध होतं. एके काळी डॉक्टर ते लिहूनही देत. मग सुमारे १०,००० लोकांवर कित्येक वर्षं चाललेल्या एका मोठ्या चाचणीत दिसलं की हृदयविकाराचा धोका असलेल्या माणसांत ते घेणाऱ्यांना हार्ट अटॅक आणि पक्षाघात जास्त होतात. २०१० मध्ये युरोप-अमेरिकेतून ते गेलं, फेब्रुवारी २०११ मध्ये आपल्या सरकारनं त्याच्यावर बंदी घातली. त्याची नेहमीची लक्षणं कोणती? भूक मरणं, तोंड कोरडं पडणं, झोप उडणं, नाडी जलद चालणं.

बंदी आली म्हणून ते संपलं असं समजू नकोस. ते 'नैसर्गिक' डब्यांत शिरलं. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २००७ ते २०१६ या काळात चोरून औषध मिसळलेली ७७६ पूरक उत्पादनं पकडली. त्यांतली ३१७ वजन कमी करणारी होती, आणि त्या ३१७ पैकी २६९ मध्ये सिब्युट्रामिन निघालं. लेबलवर मात्र पानंफुलं.

तुझ्या डबीत तेच आहे असं मी म्हणत नाही. प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय मी सांगू शकत नाही, तू सांगू शकत नाहीस, आणि ज्या बाईनं ती विकली तिला तर त्याचा गंधही नसेल. हेच तर मला तुझ्या डोक्यात घालायचं आहे. आत काय आहे हे कोणालाच माहीत नसलेली वस्तू तू रोज दोनदा गिळते आहेस.

"पण ते नैसर्गिक आहे." धोतरा नैसर्गिक आहे, कण्हेर नैसर्गिक आहे. कुंडलिका नदीच्या काठाला दोन्ही सापडतील, खाशील का? आणि ज्या गार्सिनियाच्या नावावर तू २,४०० रुपये मोजलेस ते काय आहे? केरळात माशाच्या कालवणात घालतात ते आंबट फळ. आपल्या कोकमाचं सख्खं भावंड! कोकमही गार्सिनियाच्याच कुळातलं, आणि ज्या हायड्रॉक्सीसिट्रिक आम्लाची एवढी जाहिरात होते ते आमसुलातही असतं. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या लोक सोलकढी पितात. त्यानं कोणाची कंबर उतरलेली मी तरी पाहिली नाही. तुझ्या घरात बरणीभर आमसुलं असतील.

आता "मैत्रिणीचं कमी झालं" हा तुझा हुकमाचा एक्का. तुला आठवीत दोन कुंड्यांचा प्रयोग करायला लावला होता. एकीला खत, दुसरीला नाही; ऊन सारखं, पाणी सारखं. दुसरी कुंडी कशाला, असं तूच विचारलं होतंस आणि अर्धा तास मी ते समजावलं होतं. तुझ्या मैत्रिणीची दुसरी कुंडी कुठे आहे? तिनं गोळी सुरू केली त्याच आठवड्यात भात निम्मा केला, रोज संध्याकाळी पुलावरून चालायला लागली. मग वजन गोळीनं उतरलं की चालण्यानं?

हा प्रश्न काही शास्त्रज्ञांनी नीट विचारला. अमेरिकेत १३५ जाड माणसं घेतली. निम्म्यांना गार्सिनियाची खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी पण आत काही नसलेली. कोणाला कोणती मिळाली हे घेणाऱ्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. दोन्ही गटांना एकच आहार, १२ आठवडे. १९९८ मध्ये निकाल छापून आला. खरी गोळी घेणाऱ्यांचं सरासरी वजन ३.२ किलो उतरलं. पोकळ गोळी घेणाऱ्यांचं ४.१ किलो! फरक योगायोगानं पडावा एवढाच होता, म्हणजे गोळीचा उपयोग शून्य. ज्यांचं उतरलं त्यांचं आहारानं उतरलं. पण त्या खऱ्या गोळीवाल्यांपैकी एकीला विचारलं असतंस तर तिनंही शपथेवर सांगितलं असतं, "माझं गोळीनंच कमी झालं."

ग्रीन टीचंही तेच. कपात पिण्याचा चहा वेगळा आणि त्याचा अर्क काढून कॅप्सूलमध्ये कोंबलेला वेगळा. त्यातल्या ईजीसीजी या घटकाचं प्रमाण दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त झालं तर यकृताला इजा होत असल्याची चिन्हं रक्तात दिसतात, हे युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेनं २०१८ मध्ये सांगितलं. गार्सिनियाच्या गोळ्या घेऊन यकृत बिघडल्याच्या नोंदीही डॉक्टरांच्या नियतकालिकांत आहेत. तुझ्या डबीत यातलं किती आहे? 'खास मिश्रण'.

"उघड विकतात, म्हणजे सरकारनं तपासलंच असणार." नाही. हे तर तुला माझ्यापेक्षा जास्त कळायला हवं. औषध बाजारात यायचं तर ते काम करतं आणि घात करत नाही, हे आधी माणसांवर तपासून दाखवावं लागतं. ही डबी औषध म्हणून आलेलीच नाही, अन्न म्हणून आली आहे. २०१६ च्या नियमांप्रमाणे अशा पूरक आहाराच्या लेबलवर 'औषधी वापरासाठी नाही' असं छापावंच लागतं. तुझ्या डबीवर तेही नाही. आणि लठ्ठपणा बरा करतो अशी औषधाची जाहिरात करायला या देशात १९५४ च्या कायद्यानं मनाई आहे. त्या कायद्याच्या परिशिष्टात ज्या आजारांची यादी आहे, तिच्यात लठ्ठपणा स्पष्ट लिहिलेला आहे. म्हणजे '७ दिवसांत ५ किलो' ही जी ओळ वाचून तू भुललीस, ती ओळच तुला सावध करायला पुरेशी होती.

एक गोष्ट खास तुझ्यासाठी सांगते, कारण तू केमिस्ट आहेस. डायनायट्रोफिनॉल. रंगाच्या धंद्यातलं रसायन. ड्रमवर कवटी पाहून तू हातमोजे चढवशील असं. पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत हे हाताळणारे कामगार घामानं निथळायचे, झडत जायचे, काही मेले. १९३३ मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी ते बारीक होण्याचं औषध म्हणून पुढे आणलं आणि बघता बघता लोक ते दुकानातून घेऊन खायला लागले. वजन खरंच उतरायचं. कारण पेशी अन्न जाळत राहते, पण त्यातून ऊर्जा साठवण्याऐवजी नुसती उष्णता बाहेर पडते. अंग तापत जातं, आणि तो ताप उतरवणारं औषध नाही. कित्येकांना ऐन तारुण्यात मोतीबिंदू झाले, काही आतल्या आत भाजून गेले. १९३८ मध्ये ते माणसांना द्यायचं बंद झालं. तरी २०१५ मध्ये इंग्लंडात २१ वर्षांची एक कॉलेजातली मुलगी इंटरनेटवरून मागवलेल्या याच गोळ्यांनी गेली. तुझ्याहून लहान होती. तेव्हा 'वजन उतरतं ना, मग झालं' हे वाक्य माझ्यासमोर परत काढू नकोस. विषानंही वजन उतरतं.

मग कोणतीच गोळी घेण्यासारखी नसते का? असते, आणि ती कशी ओळखायची तेही सांगते. ऑर्लिस्टॅट नावाचं औषध आहे. अमेरिकेत २००७ पासून त्याची कमी ताकदीची गोळी चिठ्ठीशिवाय मिळते, आपल्याकडे डॉक्टरांनी लिहून द्यावी लागते. ते आतड्यात चरबी पचवणाऱ्या विकराला अडवतं, त्यामुळे खाल्लेल्या तेलातुपाचा सुमारे तिसरा हिस्सा न पचता बाहेर पडतो. कसा पडतो ते घेणाऱ्याला विचार. तेलकट जुलाब होतात, कपडे खराब होतात, अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं कमी पडतात, थायरॉइडची गोळी चालू असेल तर तिच्यात अडथळा येतो. आणि एवढं सोसून वर्षाच्या शेवटी हाती काय? पोकळ गोळीपेक्षा सरासरी तीन किलो जास्त उतार.

गेल्या काही वर्षांत इंजेक्शनं आली आहेत. सेमाग्लुटाइडच्या २०२१ च्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी १५ टक्क्यांच्या आसपास वजन उतरलं. तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मळमळ-उलट्या सोसून, आणि बंद केली की वजन परत चढतं. हा आजचा जगातल्या नामांकित औषधांचा वेग. तुझ्या वजनावर लावलास तर सव्वा वर्षाहून जास्त काळात नऊ किलो. मग ज्याला पत्ता नाही, बॅच नाही, चाचणी नाही, ती कॅप्सूल सात दिवसांत पाच किलो उतरवणार? हा एकच मापदंड डोळ्यांसमोर ठेवला असतास तरी २,४०० रुपये वाचले असते.

आणि मुळात तुला गोळी लागते का? उंची १५७ सेंटिमीटर, वजन ६१ किलो, तूच सांगितलंस. बीएमआय काढ: २४.७. आपल्या लोकांसाठी २३ च्या वर जास्त वजन आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. म्हणजे तुझं वजन थोडं जास्त आहे, हे खरं, मी गोड बोलणार नाही. पण आपल्या डॉक्टरांच्या मार्गदर्शक सूचनांत औषधाचा विचार २७ च्या पुढे, किंवा मधुमेह-बीपीसारखा आजार सोबत असेल तर २५ च्या पुढे सुरू होतो. तू त्यात कुठेच बसत नाहीस. पाहायला आलेल्यांपैकी कोणीतरी 'मुलगी जरा भरलेली आहे' म्हणालं, एवढ्यावर तू स्वतःला आजारी ठरवलंस? ज्या घरानं चहाचा कप खाली ठेवायच्या आत तुझ्या अंगाची मोजदाद केली, त्या घरासाठी तू काळजाची धडधड विकत घेतलीस? हे मला सर्वांत जास्त लागलं.

वजन का वाढलं ते तू सांगत नाहीस, पण मला दिसतं. सेकंड शिफ्ट संपवून अकराला घरी येतेस, साडेअकराला गरम भात जेवतेस आणि लगेच आडवी होतेस. लॅबमध्ये दर दोन तासांनी कटिंग, प्रत्येकात दोन चमचे साखर. पाच कप झाले की त्यातच ५० ग्रॅम साखर, २०० कॅलरी. पाळी अनियमित आहे असं तुझी आई म्हणत होती. मग पहिली तपासणी थायरॉइडची आणि पीसीओडीची व्हायला हवी. ते असेल तर त्यावर खरे उपचार आहेत. पार्लरमधली डबी ते झाकून ठेवेल, बरं करणार नाही.

एवढ्यावर थांबले असते. पण काल निघताना तू सहज म्हणून गेलीस, "धाकटीलाही एकेक देते, तिलाही बारीक व्हायचंय."

अगं, काय केलंस हे? अकरावीतली पोर. वजन ४८ किलो. तिला गोळी कशाला? तिची हाडं अजून भरायची आहेत, अंगात रक्त कमी म्हणून शाळेत तिला लोहाच्या गोळ्या देत होते. तू मोठी आहेस, चुकलीस तर तुझं तू निस्तरशील. तिनं तुझ्यावर विश्वास ठेवला, कारण ताई केमिस्ट आहे, ताईला कळतं. क्यूसीतल्या तुझ्या सहीच्या भरवशावर तू न तपासलेली गोळी तिच्या तोंडात ठेवलीस. याला माझ्याकडे माफी नाही, आणि तू ती मागूही नकोस. निस्तर.

आजपासून गोळी बंद, दोघींची. उद्याच्या शिफ्टची रजा टाक आणि धाकटीला घेऊन उपजिल्हा रुग्णालयात जा. धडधड, झोप, तोंड कोरडं पडणं, काहीही न लपवता सांग. बीपी, ईसीजी आणि यकृताची रक्ततपासणी करून घ्या. आज रात्रीच छातीत दुखलं, दम लागला किंवा चक्कर आली तर सकाळची वाट पाहू नकोस. डॉक्टरांना विचारून थायरॉइडचीही तपासणी कर.

डबी फेकू नकोस. उरलेल्या कॅप्सूल, खोका, पैसे दिल्याचा फोनमधला पुरावा, सगळं एका पिशवीत ठेव. माझ्याकडची डबी मी सील करून ठेवली आहे, तीही ने. अन्न व औषध प्रशासनाचं जिल्ह्याचं कार्यालय पेणला आहे, दिव्याला जाणाऱ्या गाडीनं जाऊन येता येतं. तिथे लेखी तक्रार दे आणि पोच घे. जायच्या आधी १८००-२२२-३६५ वर फोन करून कोणाला भेटायचं ते विचार. आणि तू ज्यांना ज्यांना ही डबी सुचवलीस त्या सगळ्यांना आज रात्रीच फोन कर. व्हॉट्सअ‍ॅपवर चार ओळी टाकून मोकळी होऊ नकोस, प्रत्येकीशी बोल.

तुझ्या आईला मी सांगणार नाही, ते तू सांगायचं. शनिवारी संध्याकाळी दोघी बहिणी रिपोर्ट घेऊन माझ्याकडे या. धाकटीला वही आणायला सांग. दोन कुंड्यांचा प्रयोग तिला मी शिकवलेला नाही.